फुल फॉर्म नसलेला शब्द

सरोजाबाईंनी गाईड खिडकीतून बाहेर भिरकावलं, तेव्हा मला शाळेत लागून आठवडाही झाला नव्हता. पिवळ्या मुखपृष्ठाचं जाडजूड गाईड होतं. ते खाली हेडमिस्ट्रेसबाईंच्या स्कूटरच्या सीटवर आपटलं आणि तिथून घसरून चिखलात पडलं. स्टाफरूममध्ये कुणी मानसुद्धा वर केली नाही. तमिळ शिकवणाऱ्या बाईंनी डबा उघडला आणि शांतपणे इडली मोडली. मी नवी, म्हणून मीच विचारलं, "काय झालं हो?"

"त्यांत लिहिलंय कंप्युटरचा फुल फॉर्म," सरोजाबाई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "अय्यो, कंप्युटरला कुठला फुल फॉर्म? उद्या फळ्याचा विचारतील. डस्टरचा विचारतील."

मी आधी त्यांच्या मराठीनेच चमकले. मी नाशिकची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून चेन्नईला आले आणि तिरुवल्लिक्केणीतल्या या शाळेत गणित शिकवायला लागले. इथे कानावर मराठी पडेल अशी आशा मी सोडलीच होती, आणि समोर ही बाई, तमिळ हेल काढून, माझ्या पणजीच्या वेळचे शब्द वापरून भांडत होती. तंजावरकडची मराठी माणसं. तीनशे वर्षांमागे दक्षिणेत आली आणि घरातली मराठी घरात ठेवून इथलीच झाली. सरोजाबाई शाळेत कंप्युटर शिकवायच्या, आणि त्यांचा राग सगळ्या शाळेला माहीत होता. राग नाकावर असतो म्हणतात. यांचा चष्म्यासारखा होता, झोपतानाच काय तो उतरत असेल.

आता हा फुल फॉर्म काय प्रकार आहे ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आपल्या देशात निम्म्याअधिक गाईडांत लिहिलेलं असतं की कंप्युटर या शब्दातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द: कॉमनली ऑपरेटेड मशीन पर्टिक्युलरली यूज्ड फॉर टेक्निकल एज्युकेशन अँड रिसर्च. पोरं ते पाढ्यासारखं पाठ करतात, क्विझमध्ये विचारतात, नोकरीच्या परीक्षांत विचारतात. आणि ते साफ खोटं आहे. कंप्यूट म्हणजे हिशोब करणं. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, कागदावर हिशोब करणाऱ्या माणसालाच कंप्युटर म्हणत. अक्षरांना शब्द कुणीतरी मागाहून चिकटवले. कुणी चिकटवले, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून किती तो त्रागा. नाशिकला माझ्या चुलतभावाच्या क्लासच्या भिंतीवरही हाच फुल फॉर्म होता, आणि आमचं काही बिघडलं नव्हतं. हे मी सरोजाबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रविवारी घरी ये. कॉफी देत्यें आणि सांगत्यें काय बिघडतं तें."

गेले. तिरुवल्लिक्केणीच्या देवळामागे, एका अरुंद गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. कॉफी पितळेच्या डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत आली, आणि कॉफीबरोबर त्यांचे वडील आले, म्हणजे त्यांची गोष्ट आली.

गुंडो राव. याच गल्लीत कॉफी पावडरच्या दुकानावर त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टायपिंगला मुलं कमी यायला लागली तेव्हा त्यांनी एक कंप्युटर आणला. त्याला प्लॅस्टिकचं आवरण, वर मोगऱ्याचा गजरा, चपला बाहेर काढून आत यायचं. आयुधपूजेला टाइपरायटरांबरोबर त्यालाही गंधकुंकू लागायचं. आणि दारावर रंगाऱ्याकडून लिहवून घेतलेली पाटी: मधोमध इंग्रजीत कंप्युटर, आणि खाली अक्षरागणिक एकेक शब्द. पाहुणे आले की गुंडो राव मुलीला स्टुलावर उभं करायचे. प्राथमिक शाळेतली सरोजा हात जोडून तो फुल फॉर्म म्हणायची. 'पर्टिक्युलरली' हा शब्द तोंडात मावायचा नाही, म्हणून वडिलांनी तो लांबवून म्हणायला शिकवला होता. पाहुणे म्हणायचे, बेष, बेष.

"तो फुल फॉर्म आपण केला म्हणायचे माझे अप्पा," सरोजाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या डोक्यानें. गल्लीच्या त्या टोकाला आणखी एक इन्स्टिट्यूट होतं. त्याच्या पाटीवर पण हाच. फक्त 'पर्टिक्युलरली'च्या जागीं 'पर्पजली'. तो म्हणायचा, मी केला, गुंडो रावानें चोरला. दोघे रस्त्यात भांडलेत. एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले नाहींत. पोर खोटं, आणि दोन दोन बाप त्याच्यावर हक्क सांगतायत."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढे सरोजा बी. एस्सी.ला गेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, कंप्युटर म्हणजे काय? ही उठली, हात जोडले आणि म्हणून मोकळी झाली. सरांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिला वाटलं, आवडलं यांना. म्हणून तिने जास्त गोड आवाजात म्हटलं, 'पर्टिक्युलरली' आणखी लांबवलं. मग सर वर्गाकडे वळून म्हणाले, याला म्हणतात तिरुवल्लिक्केणी युनिव्हर्सिटी. वर्ग बाकांवर हात आपटून हसला. कॉलेज संपेपर्यंत तिला सरोजा कुणी म्हटलं नाही. 'कॉमनली' म्हणायचे.

त्या दिवशी घरी येऊन तिने वडिलांना विचारलं, हे खोटं आहे? गुंडो राव टाइपरायटरची रिबन बदलत होते. वर न बघता म्हणाले, "मी केलाय. माझा आहे. खोटा कसा?" सरोजाने घासलेटची बाटली आणि फडकं घेतलं आणि पाटीवरचा सगळा फुल फॉर्म पुसून काढला. दुसऱ्या दिवशी गुंडो रावांनी रंगारी बोलावून तो आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहवून घेतला. बाप तसा, लेक तशी. पाटी शेवटी ते गेल्यावरच उतरली.

"तीस पोरांसमोर मला हसले तें जाऊ दे," सरोजाबाई डबरा खाली आपटत म्हणाल्या. "मला राग त्याचा नाहीं. मला अप्पांनीं खोटं दिलं आणि मीं तें हात जोडून घेतलं, त्याचा आहे. माझ्या वर्गांतून कुणी पोर तसं हात जोडून जायचं नाहीं. अस्कं ठाऊक नसलं तरी चालेल. खोटं ठाऊक नको."

अस्कं म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं. आणि त्यांनी तसंच शिकवलं. त्यांच्या तासाला मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले होते. त्या नावांची वाटणी करायच्या. काही नावं खरोखरीच अक्षरं जुळवून केलेली, ती शिका. काही नावांना लोकांनी मागाहून फुल फॉर्म चिकटवला, तो सोडा. आणि काही नावं अशी की ज्यांनी ती वापरात आणली त्यांच्यातच एकमत नाही. तिथे सरळ 'ठाऊक नाही' लिहा. 'पिंग'चं उदाहरण त्यांचं लाडकं. पलीकडचा कंप्युटर जागा आहे की नाही ते बघायचं एक साधन असतं, त्याचं नाव पिंग. ते करणाऱ्याने स्वतः सांगून ठेवलंय की पाणबुडीच्या सोनारचा आवाज डोक्यात होता, म्हणून हे नाव. तरी पुस्तकं त्याचा लांबलचक फुल फॉर्म छापतातच.

"बापाला विचारायचं सोडून शेजाऱ्याला विचारतात, पोराचं नाव असं कां ठेवलं," त्या वर्गाला तमिळमध्ये सांगायच्या, आणि पोरं हसायची.

पालक हसत नव्हते. आमच्या शाळेची पोरं क्विझमध्ये हरायची. कंप्युटरचा फुल फॉर्म विचारला की आमचा गट उठून सांगायचा, नाही असा काही फुल फॉर्म. शून्य. एकदा हेडमिस्ट्रेसबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, दोन्ही शिकवा ना, खरं ते पण आणि परीक्षेचं ते पण. सरोजाबाई माझ्याकडे वळल्या. "क्षमाला सांगा. दोन अधिक दोन चार शिकव, आणि परीक्षेसाठीं पाच पण शिकव म्हणावं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. मला राग यायला वेळ लागतो, पण आला की जात नाही.

जननी त्यांच्या हातून शिकून गेलेली मुलगी. तीही तंजावरी मराठी घरातली; वडील नाहीत, आई सईबाई लग्नांतून स्वयंपाकाला जायची. बारावीनंतर जननी चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागली. फोनचे भाग जोडायचं काम. पहाटे कंपनीची बस, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि सगळी शिफ्ट सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून. कंत्राट संपलं की घरी. फक्त एक वाट होती: कारखान्यातल्याच मुलींतून ऑफिसात कंप्युटर ऑपरेटर घ्यायचे होते. परीक्षा पास झालीस तर कायम नोकरी आणि बसायला खुर्ची, नाहीतर महिनाअखेरीला कंत्राटाबरोबर बाहेर.

जननी एका मार्काने राहिली. सतरावा प्रश्न होता, कंप्युटरचा फुल फॉर्म लिहा. जननीने लिहिलं होतं, या शब्दाला फुल फॉर्म नाही.

हे सांगायला ती स्वतः आली नाही. सईबाई आली, तीही शाळेत, मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. हाताला अजून हळद-तिखटाचा वास होता. "बाई, माझ्या पोरीला अस्कं पाठ होतं," ती म्हणाली. "गाईड घेऊन दिलं होतं मीं. रात्रीं मला म्हणून दाखवलन. मग पेपरांत कां लिहिलं नाहींस म्हटलं, तर म्हणत्ये, मिसनी खोटं लिहायचं नाहीं सांगितलंय. तुमचं खरं तुमच्यापाशीं ठेवायचं होतंत, बाई. तुम्हांला पगार आहे. माझ्या पोरीच्या पायांच्या शिरा बघितल्यांत कां?"

सईबाई गेल्यावर सरोजाबाईंनी पुढ्यातला पेपरांचा गठ्ठा उचलला. मला वाटलं, हाही जातोय खिडकीतून. पण त्यांनी तो नीट रचून ठेवला आणि म्हणाल्या, "त्या कारखान्यांत तुझ्या ओळखीचं कोण आहे?"

होता एक. उन्मेष, पुण्याचा, तिशीचा. कारखान्यात भरती आणि ट्रेनिंग बघायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. मला क्षमाताई म्हणायचा आणि माझ्या हातची पुरणपोळी मागून न्यायचा. मी फोन केला. "या ना ताई, मॅडमनाही आणा," तो म्हणाला.

गेलो. काचेची खोली, थंडगार एसी, टेबलावर बिस्किटांची बशी. उन्मेषशेजारी परीक्षा घेणाऱ्या एजन्सीचा एक माणूस लॅपटॉप उघडून बसला होता. जननीला शिफ्टमधून बोलावून आणलं होतं. निळा कोट, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ. ती दाराशीच उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि बसायची सवयही राहिली नसावी.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे," उन्मेषने सुरुवातच अशी केली. "मी स्वतः कंप्युटर इंजिनियर आहे. असा काही फुल फॉर्म नसतो, मला माहितीये. इट्स सिली."

"मग मार्क द्या," सरोजाबाई म्हणाल्या.

"तो माझ्या हातात नाही ना. आन्सर-की हेड ऑफिसने मंजूर केलेली आहे. ती बदलली तर ज्यांनी फुल फॉर्म लिहिला त्या सगळ्यांचे मार्क कापावे लागतील. त्यातल्या काही तर ऑफिसात रुजूही झाल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुंडो रावांचा निदान त्या पाटीवर विश्वास होता. गल्लीतल्या त्या दुसऱ्याचाही होता. हा मुलगा हसत हसत सांगत होता की हे खोटं आहे, मला माहीत आहे, आणि तरी मार्क खोट्यालाच मिळेल. अडाण्याचं खोटं एक वेळ परवडतं. याच्या हातच्या बिस्किटाला मी हात लावला नाही, आणि पुन्हा कधी त्याला पुरणपोळी दिली नाही, हेही इथे सांगून ठेवते.

"उन्मेष," मी म्हटलं, "तुला माहीत आहे तर तू वर लिहीत का नाहीस?"

"ताई, एका मार्कासाठी?"

"तिची नोकरी जातेय त्या एका मार्काने."

"म्हणूनच मी मार्ग काढलाय," तो पुढे सरकून म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं की आपण उपकार करतोय. "जागा एक रिकामी आहे. आक्षेप घेणाऱ्या उमेदवाराला तोंडी परत विचारायची सोय नियमात आहे. हिने आत्ता इथे फुल फॉर्म सांगावा. हे टिक करतील. विषय संपला. अर्ध्या मिनिटाचं काम."

सगळे जननीकडे बघायला लागले. ती जमिनीकडे बघत होती.

"येत नाही का?" एजन्सीवाल्याने तमिळमध्ये विचारलं.

"येतं," जननी म्हणाली.

"मग?"

जननीने मान वर केली आणि सरोजाबाईंकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात विनवणी नव्हती. मिस सांगतील तसं करायचं, एवढंच होतं. मिस नाही म्हणाल्या असत्या तर ती तशीच वळून शेवटची शिफ्ट उभी राहायला गेली असती. मी टेबलाखालून सरोजाबाईंचा हात दाबला. सांगा, म्हणायचं होतं मला, सांगा तिला म्हणायला, मरू दे ते खरं.

सरोजाबाई उठल्या. पदर सारखा केला. आणि त्या बाईंनी, डोक्यात निम्मे पांढरे केस असलेल्या त्या बाईंनी, त्या काचेच्या खोलीत सरळ उभं राहून हात जोडले.

"कॉमनली," त्या म्हणाल्या.

जननी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हण. माझ्यामागून म्हण."

"कॉमनली," जननी म्हणाली.

"ऑपरेटेड."

"ऑपरेटेड."

"मशीन."

आवाज त्यांचा नव्हता. लहान मुलीचा आवाज, पाहुण्यांसमोर काढतात तसा, गोड आणि घाबरलेला. 'पर्टिक्युलरली'ला त्या थांबल्या आणि तो शब्द लांबवून म्हणाल्या, जसा त्यांना शिकवला होता तसा. जननीनेही तो तसाच लांबवला. यूज्ड फॉर. टेक्निकल. एज्युकेशन. माझे डोळे भरून आले, आणि रडू आलं याचाही मला राग आला. अँड रिसर्च.

एजन्सीवाल्याने टिक केलं. मग लॅपटॉप मिटता मिटता सहज म्हणाला, "आमच्या वेळी 'पर्पजली' होतं. 'पर्टिक्युलरली' नव्हतं."

"दोन्ही चालतात," उन्मेष म्हणाला.

सरोजाबाईंचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी सोडले. "दोन्ही चालतात," त्या म्हणाल्या. "फक्त खरं तेवढं चालत नाहीं." उन्मेष हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत.

बाहेर कॉरिडॉरमध्ये जननी आमच्याबरोबर दारापर्यंत आली. तिला शिफ्टवर परत जायचं होतं. जाता जाता थांबली आणि विचारलं, "मिस, तें खोटंच आहे ना?"

"खोटंच आहे."

"मग सरि, ठीक आहे," ती म्हणाली, टोपी घातली आणि पळाली.

परतीच्या बसमध्ये मी काहीबाही बोलत राहिले. पोरीचं काम झालं, सईबाई आता तोंड भरून आशीर्वाद देईल, तुम्ही फार मोठं मन केलंत. "तोंड बंद कर, क्षमा," त्या म्हणाल्या, आणि पूनमल्लीचा थांबा येऊन गेला तरी खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

जननीला खुर्ची मिळाली. आमच्या शाळेत मात्र काहीतरी मेलं. सरोजाबाई ओरडेनाशा झाल्या. नेमाने तास घ्यायच्या आणि येऊन पेपर तपासत बसायच्या. एकदा व्हरांड्यातून जाताना मी ऐकलं, सातवीच्या एका मुलीने फुल फॉर्म विचारला, आणि सरोजाबाई म्हणाल्या, "गाईडमध्यें आहे. बघून घे." मला त्यांचा इतका संताप आला की डबा खाताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. इतकी वर्षं खिडकीतून गाईडं फेकलीत, ती काय हौस म्हणून? ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे जगाने म्हणावं; तुम्हीही म्हणायला लागलात? हे सगळं मी त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे तर आणखी वाईट. आधीच्या सरोजाबाईंनी मला माझ्या डब्यासकट खाली स्कूटरवर टाकलं असतं.

पुढच्या वर्षी, शाळा सुटायच्या वेळी, त्यांचा फोन वाजला. जननी होती. मोठ्याने बोलायची तिची कारखान्यातली सवय गेली नव्हती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"मिस, यंदाची टेस्ट झाली. पेपर मीं टाइप केला होता. आता लिहायचं नाहीं, चार उत्तरं देतात, एकावर खूण करायची."

"सतरावा प्रश्न?"

"आहे मिस. ए मध्यें पर्टिक्युलरली, बी मध्यें पर्पजली, सी मध्यें आणखी तिसराच कुठला तरी. आणि डी मध्यें 'वरीलपैकी सर्व' होतं. तें मीं बदललं. 'वरीलपैकी काहीही नाही' केलं."

"साहेबानें बघितलं नाहीं?"

"बघितलं. हसले आणि राहू दे म्हणाले. पण मिस, आन्सर-की माझ्या हातांत नाहीं. ती हेड ऑफिसांतूनच येत्ये. तिच्यांत ए आणि बी, दोन्ही बरोबर."

"म्हणजे डी करणारीचा मार्क गेला."

"गेला मिस. अस्क्यांनीं ए नाहीं तर बी केलं. एकीनें डी केलं. रंजनीनें."

"चुकून केलन असेल."

"मीं विचारलं तिला. म्हणाली, मार्क जाणार ठाऊक होतं. बाकीच्यांत भरून काढला, मिस. पास झाली."

सरोजाबाई खुर्चीत सरळ झाल्या. "कुठल्या शाळेंतली ती? कुणी शिकवलंन तिला?"

"कुणी नाहीं मिस. बिहारकडची आहे, दहावी झालेली. लाइनवर माझ्या शेजारीं उभी असायची. मीं गेल्या वर्षीं राहिले, तेव्हां कां राहिलीस म्हणून तिनें विचारलं होतं. मीं सांगितलं होतं."

पलीकडून मशीनची घरघर येत होती. सरोजाबाईंचा चेहरा लाल व्हायला लागला, कानांपासून, पूर्वी व्हायचा तसा. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"तिचा मार्क कापलान त्या मेल्यानें," त्या म्हणाल्या. इतक्या मोठ्याने, की तमिळच्या बाईंच्या हातातला डबा थांबला. "पास झाली तर काय झालं? मार्क तिचा आहे. त्या उन्मेषचा नंबर दे. हात जोडून झालं एकदां, आता पुन्हा नाहीं."

मी नंबर दिला. मग माझी पर्स उचलली आणि त्यांचीही उचलली, कारण नंबर लावायला त्या थांबणार नव्हत्या, आणि श्रीपेरुंबुदूरची बस अजून मिळण्यासारखी होती.